बुधवारचे नाल

लामदुआन घोडीचा मागचा डावा पाय उचलण्यापूर्वी खामपानने दोन्ही हात जोडले आणि हळूच म्हटलं, "माफ करा हं, हात लावतोय."

वर्गातले बाकीचे अकरा जण पोट धरून हसले. तसं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. खामपान अठ्ठावीस वर्षं थायलंडमधल्या लांपांगमध्ये केस कापत होता, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावण्याआधी माफी मागायचीच असते. डोकं म्हणजे माणसाचं सगळ्यात पवित्र ठिकाण, मग आत काही असो वा नसो. फक्त ही माफी खाली पायाशी बसून, तीही एका घोडीची, आजवर कुणी मागितली नव्हती.

"अरे, तिला विचार की, मागून बारीक करू का मध्यम?" एक गाडीवान ओरडला.

"गप बसा रे!" कासेमगुरुजी म्हणाले. नदीपलीकडच्या त्या छपरात ते सहा आठवड्यांचा नालबंदीचा वर्ग चालवत. माणूस जेमतेम घोड्याच्या खांद्याला लागायचा, पण घोडे त्यांना टरकून असत. "आणि खामपान, तिला गिऱ्हाईक समजू नकोस. गिऱ्हाईक लाथ मारत नाही."

"तुम्ही आमची गिऱ्हाइकं पाहिली नाहीत, गुरुजी," खामपान म्हणाला, आणि तेवढ्यात लामदुआनने त्याला शेणाच्या टोपलीत बसवलं.

पन्नाशीला टेकलेला हा माणूस वस्तरा सोडून घोड्यांच्या पायाशी का आला, तर सासऱ्यामुळे. त्या मुलखात लग्न झालं की नवराच आपलं बोचकं उचलून बायकोच्या घरी राहायला जातो. म्हणजे अर्धं गाव घरजावई, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण सासरे इनकेव यांनी एकवीस वर्षं मेहनत घेऊन ते लाजण्यासारखं करून ठेवलं होतं. त्यांची घोडागाडी होती. तिची चाकं खामपानने पुसायची, वंगण त्याने घालायचं, लीद त्याने काढायची. लगामाला मात्र हात लावायचा नाही. नव्या वर्षाच्या मिरवणुकीत दरसाल तो मागे फुलांच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसायचा आणि समोरची सासऱ्याची पाठ बघायचा. एकदा, निदान एकदा, तो लगाम आपल्या हातात यावा असं त्याला फार वाटे. बायकोखेरीज हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा इनकेवचे गुडघे गेले. "लामदुआन घोडी डोंगरावरच्या त्या रिसॉर्टला देऊन टाकतो," ते म्हणाले. ते ऐकून सायपिन, म्हणजे खामपानची बायको, दोन दिवस जेवली नाही. आई मेलेलं ते शिंगरू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. शेवटी म्हातारा एक पायरी खाली आला.

"आपल्या घरात लगाम त्याच्याच हातात, ज्याला नाल ठोकता येतो. माझ्या आज्यापासून असंच आहे. शीक म्हणावं तुझ्या नवऱ्याला. पास झाला तर घोडी त्याची. नापास झाला तर परीक्षेनंतरच्या शुक्रवारी रिसॉर्टवाले येतायत."

तो पास होणार नाही याची इनकेवना खात्री होती. खामपानला तर त्यांच्याहून जास्त होती.

त्याचा हात वाईट नव्हता, सवय वाईट होती. पहिल्या आठवड्यात गुरुजींनी कत्तलखान्यातून आणलेले सुटे खूर सरावाला दिले. खामपानने डावी बाजू थोडी तासली, मान तिरकी करून पाहिलं, मग उजवी थोडी. मग डावी किंचित जास्त वाटली. कल्ले सारखे करताना अठ्ठावीस वर्षं त्याने हेच केलं होतं. अर्ध्या तासाने गुरुजी आले आणि त्याच्या हातातला सुपारीएवढा तुकडा न्याहाळू लागले.

"बाकीचा घोडा कुठाय?"

"दोन्ही बाजू सारख्या आल्यात, गुरुजी."

"आल्यात ना. आता ह्याला मांजराच्या पायाला बांध."

तरी तो शिकत गेला. वर्ग सोमवारी आणि गुरुवारी सकाळी असे. दुपारी घरी येऊन तो शिकेकाईच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचा, दोनदा, आणि मग दुकान उघडायचा. ही धुलाई गुपचूप चालायची, कारण ज्या हातांनी पायासारखी अंगातली सगळ्यात हलकी जागा धरली, तीही जनावराची, ते हात आपल्या डोक्यावर फिरतात हे गिऱ्हाइकांना कळलं असतं, तर दुकानाला कुलूपच लावावं लागलं असतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते कळलं. मंगळवार असल्याने गर्दी होती. खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर विचाय बसले होते. घोडागाडी संघाचे ते चिटणीस, आणि नालबंदीच्या दाखल्यावर सही त्यांचीच लागायची. खामपानने उजवी बाजू संपवून डावीकडे वळायला आणि इनकेवनी रस्त्यावरून गाडी हाकत यायला एकच गाठ पडली.

"काय रे कैची!" जावयाला ते गेली एकवीस वर्षं याच नावाने हाका मारत. "कालची जखम बरी आहे का मांडीवरची? सोमवारी म्हणे चारी खूर छातीशी कवटाळून बसला होतास!"

पोस्टमास्तरांनी आरशातून विचारलं, "कसले खूर?"

"घोडीचे," खामपान म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे, हाही एक दोषच.

"आणि तेच हात माझ्या डोक्यावर?" पोस्टमास्तर गळ्याभोवतीच्या कापडासकट उठले. "माझ्या वडिलांनीसुद्धा मी मोठा झाल्यावर माझ्या डोक्याला हात लावला नव्हता!"

"मी शिकेकाईने धुतो, साहेब, दोनदा..."

"दाखल्यावर सही पाहिजे ना उद्या? बघतोच!" आणि ते अर्ध्या डोक्याने रस्त्यावर निघून गेले. बाकावर थांबलेले पाच जणही काही ना काही काम आठवून एकेक करून उठले. दिवेलागणीपर्यंत ही बातमी नदीच्या दोन्ही काठांना पोहोचली. आता खामपानकडे दुकान नव्हतं, आणि उद्या नापास झाला तर घोडीही नसणार होती. त्या रात्री सायपिनने त्याच्या ताटात दोन मासे जास्त वाढले. ती एरवी असं करत नसे, त्यामुळे त्याचा धीर आणखीनच खचला.

सकाळी छपरात सगळे घोडे ओळीने बांधलेले होते. खामपानने पक्कड उचलली, लामदुआनचा पाय मांडीवर घेतला आणि तसाच थांबला.

"आज बुधवार आहे," तो म्हणाला.

परीक्षेची तारीख वरून ठरून आली होती, आणि वरच्या लोकांचे केस बहुधा कुठल्याही वारी कापले जात असावेत. लांपांगमध्ये बुधवारी कैची चालत नाही. त्या दिवशी कापलं की घरात अमंगळ शिरतं. खामपानच्या हातांनी अठ्ठावीस वर्षांत एकाही बुधवारी एक केसही कापला नव्हता, आणि आता ते हात चालेनात.

"बुधवार केसांना असतो," गुरुजी म्हणाले. "खूर म्हणजे नख."

"नख कसं?" इनकेव खास मजा बघायला येऊन स्टुलावर बसले होते. "खुराच्या वरच्या कडेला बघा की. केसांच्या मुळातून उगवतंय. केसच तो, फक्त घट्ट झालेला."

"आमची आजी तर बुधवारी नखंसुद्धा कापू द्यायची नाही," एक गाडीवान म्हणाला आणि आपला घोडा सोडू लागला. दुसऱ्याच्या मेहुण्याने एका बुधवारी दाढी केली होती आणि त्याच आठवड्यात त्याची म्हैस विहिरीत पडली होती. हे ऐकून आणखी चौघांनी दोर सोडले. पाहता पाहता अकराही घोडे घराकडे तोंड करून उभे राहिले.

"जाणारा नापास!" गुरुजी कडाडले. "पुढचा वर्ग वर्षाने!"

"मग शुक्रवारी रिसॉर्टवाल्यांना या म्हणून सांगतो," इनकेव समाधानाने म्हणाले. छपराच्या कडेला जेवणाचा डबा घेऊन उभी असलेली सायपिन लामदुआनकडे बघतसुद्धा नव्हती.

इतक्यात पोस्टमास्तर विचाय येऊन दाखल झाले. डोक्यावर शेतात घालायची रुंद टोपी होती, कानांपर्यंत ओढलेली. ते मुद्दाम खामपानच्या घोडीजवळ उभे राहिले आणि दाखल्यांची वही छातीशी धरून म्हणाले, "इथे सही होणार नाही." लामदुआनने शांतपणे मान लांब केली, टोपी दातांत धरून उचलली आणि चावायला सुरुवात केली.

उजवीकडे केस अगदी बारीक, डावीकडे कानावर लोळणारे केस. आधी घोडे बिचकले, मग माणसं हसली. ती इतकी हसली की एकाने हसता हसता भट्टीचा आधार घेतला. ती तापलेली नव्हती, हे त्याचं नशीब.

"हसा! हसा!" पोस्टमास्तर रडकुंडीला आले. "काल रात्रभर बायको हसली. सकाळी तो नवा सलूनवाला म्हणतो, आज बुधवार! आणि दुपारी माझा सत्कार आहे. फोटो काढणार आहेत!"

टोपीचा अर्धा भाग आता लामदुआनच्या पोटात होता. पोस्टमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग खामपानकडे.

"काप," ते म्हणाले.

"साहेब, बुधवार..."

"कसला बुधवार? काम मंगळवारी सुरू झालंय. अर्धं डोकं मंगळवारचं आहे, उरलेलंही मंगळवारचंच. मी सदतीस वर्षं पोस्टात काढलीत. ज्या दिवशी शिक्का पडला, तो दिवस खरा. पत्र घरी पोहोचतं कधी, याला काही अर्थ नसतो!"

असं बिनतोड कायद्याचं बोलणं त्या छपरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. खामपानने कोपरापर्यंत हात धुतले, घोड्यांची शेपूट छाटायची कैची घेतली, हात जोडून माफी मागितली आणि पोस्टमास्तरांची डावी बाजू उजवीला मिळवली. मान तिरकी करून पाहिल्यावर उजवीकडे थोडं जास्त वाटलं, पण त्याने दातओठ खाऊन स्वतःला आवरलं. आभाळ काही कोसळलं नाही.

मग तो म्हणाला, "गुरुजी, काल रात्री झोप येईना, म्हणून मी लामदुआनच्या चारी खुरांवर कानशीचा एकेक हात फिरवला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे कामाला मंगळवारीच हात लागलाय."

गाडीवानांनी एकमेकांकडे पाहिलं. "मीपण," पहिला म्हणाला. "काल फिरवला होता एक हात." दुसऱ्यालाही आठवलं. म्हशीवाल्याला तर सोमवारपासूनचं आठवलं.

"अकराही जणांनी?" गुरुजींनी विचारलं.

"अकराही, गुरुजी. देवाशप्पथ."

"यात काय अर्थ आहे?" इनकेव स्टुलावरून ओरडले, पण तोवर पकडी चालू झाल्या होत्या.

खामपानने चारी पायांना नाल ठोकले. एक खिळा वाकडा गेला तो काढून पुन्हा मारला, पाठ धरली, घाम डोळ्यांत गेला, आणि दोन्ही बाजू सारख्या करायचा मोह त्याने आठ वेळा गिळला. गुरुजींनी लामदुआनला दगडी वाटेवरून चालवून नेलं आणि डोळे मिटून तिच्या टापा ऐकल्या.

"चारी पाय टेकतायत," ते म्हणाले. "पास."

पोस्टमास्तरांनी आरशाच्या तुकड्यात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं आणि सही ठोकली.

घरी जायला गाडी जोडली तेव्हा इनकेव सवयीने पुढे चढून बसले. "पहिल्या दिवशी मीच हाकतो. घोडी बावरलीय."

"बाबा," मागे बसलेली सायपिन म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. द्या."

म्हाताऱ्याने जड हाताने लगाम दिला. कातडं उबदार होतं. आपल्याला रडू येतंय हे लपवायला खामपान उगाच खोकला. घोडीला लागू नये म्हणून त्याने लगाम अगदी सैल धरला.

सैल लगाम लामदुआनला बहुधा फार दिवसांनी मिळाला असावा. ती आपणहून पूल उतरली आणि कोपऱ्यावरच्या लॉटरीवालीपुढे थांबली. बाईने न विचारता एक तिकीट इनकेवच्या मांडीवर ठेवलं. "तुमचं नेहमीचं. शेवटचे दोन आकडे एकोणसाठ."

"कोण ही?" इनकेव म्हणाले. "ओळखत नाही बुवा मी."

लामदुआन पुढे निघाली ती देवळामागच्या भिंतीशी थांबली. खिडकीतून नुसता एक हात बाहेर आला. हातात तांदळाच्या दारूचा पेला होता. डॉक्टरांनी इनकेवची दारू बंद केल्याला चार वर्षं झाली होती. पेला कुणी घेईना, तेव्हा तो हात थोडा वेळ हवेत थांबला आणि गोंधळून परत आत गेला.

"बाबा?" सायपिन म्हणाली.

"आवळ रे, लगाम आवळ!" इनकेव जावयाच्या कानाशी कुजबुजले. "तिला रिसॉर्टलाच द्यायला हवी होती. तिथे कुणाला काय कळलं असतं?"

पण लामदुआन आता दुडक्या चालीने निघाली होती. खामपानने कधी न पाहिलेल्या एका गल्लीत वळून ती आंब्याखालच्या फाटकाशी उभी राहिली आणि तिने स्वतःच्या नाकाने फाटक ढकललं. साठीची, नुकतीच न्हालेली एक बाई घोडीसाठी केळी आणि इनकेवसाठी पायातल्या सपाता घेऊन बाहेर आली. सपाता त्यांच्याच मापाच्या होत्या, चांगल्या झिजलेल्या.

"आज उशीर केलात," ती मान वर न करता म्हणाली. "गुडघ्याला लावायचं तेल तापवून गारसुद्धा झालं." मग तिने मान वर केली. "अगंबाई! लेक आणि जावई! सहा वर्षं म्हणतेय, घेऊन या म्हणून. आत या ना, भात भरपूर आहे."

सायपिनने वडिलांकडे पाहिलं. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग तिला इतकं हसू फुटलं की गाडी हलू लागली. इनकेवचे कान लाल झाले होते.

"हाक!" ते जावयाला कोपराने ढोसत म्हणाले. "खामपान, बाळा, पाया पडतो तुझ्या. हाक ना गाडी!"

"कशी हाकतात, बाबा?" खामपानने अगदी खरं विचारलं. "एकवीस वर्षांत तुम्ही कधी शिकवलंच नाही."

आणि लगाम सासऱ्याच्या मांडीवर ठेवून तो खाली उतरला, कारण आतून तळलेल्या लसणाचा वास येत होता.