वास्तुपुरुषाचा खड्डा

अंबादास खरवंडीकरांनी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढली ती एकाच घोषणेवर: रिटायर झालो की स्वतःचं घर, चारी बाजूंनी मोकळं! आणि फरीदाबादेत ते खरंच उभं राहिलं. वास्तुशांतीला त्यांनी अख्ख्या गल्लीला, म्हणजे साठ माणसांना, पुरणपोळीचं आमंत्रण दिलं. ओळखी व्हायच्या तर पंगतीतच, असं त्यांचं ठाम मत. भानुमतीबाईंना मात्र एकच धास्ती होती: ही माणसं आपल्याकडे जेवायला येतील का?

करोल बागेतून आलेल्या हेरंब गुरुजींनी पूजा मांडून विचारलं, वास्तुपुरुष पुरायचा खड्डा कुठाय? झालं! घराच्या आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पुरतात हे ठेकेदाराला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने तिथे चकाचक टाइल बसवली होती. अंबादासांनी तडक मिस्त्रीला ड्रिल मशीन घेऊन बोलावलं. वीतभर खड्डा, दहा मिनिटांचं काम, असं ते म्हणाले.

टाइल निघाली, पण मशीनने सगळी गल्ली हादरवली. पाचव्या मिनिटाला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की नवे मराठी लोक पूजेच्या आडून बोरिंग खणताहेत. सातव्या मिनिटाला कॉलनीचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, गौरव भाटिया वीस माणसं घेऊन हॉलमध्ये हजर.

"अंकलजी, बिना परमिशन बोरिंग इल्लीगल है," ते म्हणाले. "धरती माँ का पानी सबका है."

अंबादासांनी हातातली प्रतिमा दाखवली. समोरच्या घरातल्या अलकनंदा रावत म्हणाल्या, बोटाएवढ्या मूर्तीला एवढं मशीन कशाला लागतं? गुरुजींनी साक्ष दिली, तर गर्दीने त्यांनाही बोरिंगवाल्याचा माणूस ठरवलं.

अंबादासांचं डोकं फिरलं. आता तुमच्यासमोरच खोदतो, म्हणून त्यांनी मिस्त्रीला खूण केली. मशीन फिरलं आणि खालून गेलेला टाकीचा पाइप फुटला. फवारा थेट छताला! गुरुजींचं सोवळं भिजलं, भाटियांचा चष्मा वाहून गेला आणि गर्दी गरजली, "निकल आया पानी!" मुख्य कॉक कुठे लपवलाय हे एकट्या ठेकेदाराला ठाऊक, आणि तो फोन उचलेना. पंधरा मिनिटांत टाकी रिकामी झाली. फवाऱ्याने मान टाकली तेव्हा कुठे लोकांना खरा प्रकार कळला, आणि ते गुपचूप पांगले.

भानुमतीबाईंना रडूच फुटलं. पोळ्या तयार, कटाची आमटी तयार, आणि घरात हात धुवायला थेंब नाही! नळ येणार संध्याकाळी. पंगत मोडली की या गल्लीत आपल्याला कोण विचारणार?

तेवढ्यात मागच्या दाराने अलकनंदाबाई दोन बादल्या घेऊन आल्या.

"हमारे यहाँ बोरिंग है," त्या कानात म्हणाल्या. "किसी को बताना मत."

मग कोपऱ्यावरचे शर्मा आले, मग डॉक्टरीणबाई. एकेक करत बावीस बादल्या आल्या, आणि प्रत्येक बादलीबरोबर कानात तेच वाक्य. शेवटी शेजारच्याच घरातल्या भाटियांनी भिंतीवरून पाइपच सोडला, सरळ स्वयंपाकघरात. पाणी कसं गारेगार! वास्तुपुरुष पुरला गेला, पंगत बसली, साठच्या साठ माणसं पोळी मागून मागून जेवली.

"अहो," तूप वाढता वाढता भानुमतीबाई हळूच म्हणाल्या, "अख्ख्या गल्लीत बोरिंग नसलेलं घर एकच दिसतंय. आपलं."

जेवून उठल्यावर भाटियांनी ग्रुपवर नोटीस टाकली: नव्या घरातलं अवैध बोरिंग कमिटीने वेळीच बंद पाडलं. खाली पहिला अंगठा पडला अलकनंदाबाईंचा. दुसरा, घाईघाईत न वाचताच, खुद्द अंबादासांचा.