लेस्टरची तिसरी खिडकी

“हे महायुद्ध रणगाडे जिंकणार नाहीत, हसणारी माणसं जिंकतील!” खुर्चीवर उभं राहून दिग्दर्शक ऑर्विल स्टॅनहोप गरजले. “आणि आज अख्ख्या अमेरिकेला हसवणार आहे ही खिडकी!”

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. चौकटीत काच नव्हती.

ऑर्विल खुर्चीवरून उतरले ते थेट सामानवाल्या एमिलच्या अंगावर. आधीच्या दोन्ही सिनेमांत शेवटी नायक लेस्टर काच फोडून बाहेर उडी मारायचा, आणि लोक त्या उडीसाठीच तिकीट काढायचे. तिसऱ्या भागासाठीही, उडी मारताना लेस्टरला कापू नये म्हणून, साखरेचा पाक आटवून काच ओतली होती. साखर रेशनवर, स्टुडिओने मोजून एका काचेपुरती दिलेली. आणि उद्या सकाळी लेस्टर सैन्यात हजर होणार होता.

“काच कुठाय?”

“फुटली, साहेब.”

“कुणी फोडली? त्या गाढवाचं नाव सांग!”

एमिल रिकामी चौकट पुसू लागला.

“मी दारातून जाऊ का?” लेस्टरने विचारलं.

“दारातून? तू काय पोस्टमन आहेस? लोक पडद्यावर टोमॅटो फेकतील!”

“एवढे टोमॅटो मिळतायत कुणाला, साहेब?”

“गप्प बस! मला तो गाढव हवाय! आत्ताच्या आत्ता हाकलतो त्याला!”

कॉफीवाल्या ओपलबाई किटली घेऊन पुढे आल्या. त्यांचे दोन मुलगे नौदलात होते. दिग्दर्शकांना घाबरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

“सकाळी बिनसाखरेच्या कॉफीवरून कोण ओरडलं?”

“मीच. कडूजहर होती!”

“आणि जाताना ते दार कुणी आपटलं?”

ऑर्विलनी दाराकडे पाहिलं. फळ्यांच्या ज्या भिंतीत दार होतं, त्याच भिंतीत खिडकी होती.

“मग... तुकडे?”

“फेकायचे होते? युद्ध चाललंय, साहेब. एमिलने गोळा केले, मी चाळून घेतले. त्यानंतरचे दोन कप पिऊन तुम्हीच म्हणालात, ‘ह्याला म्हणतात कॉफी!’”

अमेरिकेला हसवायला जमलेली चाळीस माणसं जिवाच्या आकांताने हसू दाबत होती. ऑर्विल लालबुंद झाले, कुणावर ओरडावं ते शोधलं, आणि कुणी न सापडल्यामुळे खाली बसले.

“लेस्टर, दारातून जा. आणि हळू लाव.”

मग रिकामा कप पुढे करून ते पुटपुटले, “ओपलबाई, थोडी खिडकी उरली असेल तर घाला.”