साइडिंगमधलं पुस्तक

"एक तास! फक्त एक तास द्या मला, आई. नेट असं धावेल की तुम्हीच म्हणाल, जरा हळू!"

दंतवैद्य जावई मोठ्या झोकात बोलून गेला. मग समोरचा पेपर खाली झाला, पेपरामागून सासरे दिसले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सासरे म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर खुर्चीत पूर्ण टेकून बसणं जावयाला जमलं नव्हतं. दवाखान्यात भली दांडगी माणसं याच्यापुढे चळाचळा कापत, आणि हा त्यांना सांगे, "घाबरू नका, दुखणार नाही." इथे त्याला तसं सांगणारं कुणी नव्हतं.

तर मास्तर गेली अकरा वर्षं आत्मचरित्र लिहीत होते. रोज सकाळी दहा ते बारा, दार बंद करून. त्या दोन तासांत घरात मिक्सर लागत नसे, टीव्ही लागत नसे, शिंक आली तर गॅलरीत जाऊन द्यायची! एवढं चाललंय तर निदान एक प्रकरण तरी ऐकू या, असं म्हणून सासूबाईंनी मास्तरांच्या वाढदिवसाचा बेत परस्पर ठरवून टाकला. आज पाच वाजता मास्तरांचे चाळीस जुने सहकारी व्हिडिओवर जमणार आणि मास्तर पहिलं प्रकरण वाचून दाखवणार.

"पण नेट फार स्लो आहे," मास्तर आठवडाभर हेच सांगत होते. "लोक अडकून पडतील. पुढे ढकलू कार्यक्रम."

"आता कशाला ढकलायचा? जावई करताहेत ना दुरुस्त!" सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. सिग्नल तोडून आलेल्या ड्रायव्हरकडे ते असंच पाहत असणार. "उगाच तसदी नको, जावईबापू."

"छे छे, तसदी कसली, बाबा!"

"मग फार खोलात जाऊ नका." एवढं बोलून मास्तर जड पावलांनी केस कापायला निघून गेले. दुपारचा एक वाजला होता.

मास्तर कधीच निवृत्त झाले होते; त्यांचा लॅपटॉपही व्हायला हवा होता. त्याचं बिजागर तुटलं होतं, म्हणून पडद्यामागे गाड्यांचं जुनं जाडजूड वेळापत्रक टेकू म्हणून लावलं होतं. बटण दाबल्यावर आतला पंखा घरघरला. पडदा उजळेपर्यंत सासूबाईंचा चहा उकळला, गाळला आणि पिऊनही झाला. जावयानं नेटचा वेग मोजायला घेतला, तर काटा जागचा हलेना! वर एक सूचना आली: जागा संपली आहे.

"सापडलं!" जावई टुणकन उठला. "कीड सापडली, आई! पोट गच्च भरलंय याचं."

शोधता शोधता एक अवाढव्य फोल्डर हाती लागलं. नाव होतं 'साइडिंग'. एवढं रेल्वेचं ज्ञान जावयालाही होतं: न लागणारे डबे जिथे नेऊन उभे करतात ते साइडिंग. म्हणजे अडगळ! उघडून बघायचीसुद्धा गरज नाही. त्यानं फोल्डर पुसलं. काम अर्धवट ठेवायची त्याला सवय नव्हती, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग पुन्हा वेग मोजला.

काटा जागचा हलेना.

आता मात्र तो चिडला. भिंतीतून निघालेल्या वायरचं टोक धरून कपाटामागे गेला. वायर एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शिरत होती. झाकणाला नीट भोक पाडलेलं. झाकण उघडलं, तर आत राउटर! वर एक जाड नॅपकिनही पांघरलेला!

"आई, हा डब्यात कुणी ठेवला?"

"ह्यांनीच. आठवड्यापूर्वी. धूळ बसू नये म्हणे."

राउटर बाहेर काढून कपाटावर ठेवताक्षणी काटा सर्रकन पलीकडच्या टोकाला गेला. जावयानं विजयी मुद्रेनं शर्टची कॉलर सारखी केली. "बघा! तासाच्या आत!"

"गुणाचे हो तुम्ही!" सासूबाई म्हणाल्या. "तेवढं त्यांचं पुस्तक नीट आहे ना बघा. ते साइडिंगमध्ये असतं. समोर ठेवलं तर कुणीही उघडून वाचेल, म्हणून मुद्दाम तिथे ठेवतात."

जावयानं कचऱ्याची टोपली पुन्हा उघडून पाहिली. रिकामी! अकरा वर्षं! रोजचे दोन तास! गॅलरीत दिलेल्या त्या सगळ्या शिंका! सगळं त्यानं एका बोटानं पुसून टाकलं होतं, आणि तेही एका डब्यातल्या राउटरसाठी.

"आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे... म्हणजे, असणारच," असं काहीतरी पुटपुटून त्यानं बाथरूम गाठली आणि बायकोला फोन लावला.

"अगं, तुझ्या बाबांचं पुस्तक..."

"काय केलंस?"

"पुसलं."

मग ती म्हणाली, "मी पाचला तिकडे येणार होते. आता ऑफिसातच थांबते. तू तुझं बघ."

सख्ख्या बायकोनं हात वर केल्यावर माणसानं कुणाकडे बघायचं? तो परत लॅपटॉपसमोर बसला. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम त्यानं शोधला. नेट आता सुसाट होतं, त्यामुळे प्रोग्राम झटक्यात उतरला, पण म्हातारा लॅपटॉप धापा टाकत एकेक टक्का पुढे सरकू लागला. दहा टक्के. सोळा टक्के. जिन्यावर पाऊल वाजलं की जावई अर्धा उठून उभा राही. खालच्या मजल्यावरची बाई असे. एकोणचाळीस टक्के. त्यानं आयुष्यात कुणाचीही भूल न देता दाढ उपटली नव्हती, तरी आज सगळ्या पेशंटांची मनातल्या मनात माफी मागितली.

साडेतीनला फोल्डर परत आलं! डोळ्यांत पाणी आणून त्यानं ते उघडलं. आत एकच लिहिलेली फाइल होती, 'प्रकरण पहिले'. त्यात एकच ओळ होती: 'माझा जन्म झाला तेव्हा'. पुढे काही नाही. जन्म झाला आणि मास्तर थांबले!

बाकी सगळे फोटो. त्यानं एक उघडला. पत्ते! दुसरा उघडला, पुन्हा पत्ते. सॉलिटेअरचे सुटलेले डाव, एकूणएक, तारीख आणि वेळ घालून जपून ठेवलेले. तीन हजार एकशे बारा.

"जावईबापू."

दारात मास्तर उभे होते. केस बारीक झालेले, चेहरा पांढराफटक. पडद्यावर इस्पिकचा राजा या दोघांकडे बघत होता.

"बाबा, मी चुकून... पुसलं होतं. पण परत आणलं! सगळं परत आणलंय!"

मास्तरांनी दार आतून लावलं. कपाटावरच्या राउटरकडे एकदा हताशपणे पाहिलं. मग ते खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले, आणि चौदा वर्षांत प्रथमच जावयाला दिसलं की मास्तरांनाही खुर्चीत पूर्ण टेकून बसणं जमत नाहीये.

"ही काय म्हणेल हो?" ते कुजबुजले. "पाच वाजता मी काय वाचू?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"पुस्तक पुसलं गेलं ना तुमच्याकडून?"

"हो, पण परत आ..."

"पुसलं गेलं!"

"पुसलं गेलं, बाबा," जावई म्हणाला. त्या आवाजापुढे दुसरं काय म्हणणार?

"मग पुसा."

पाच वाजता चाळीसच्या चाळीस चेहरे असे लख्ख दिसत होते की प्रत्येकाच्या भुवया मोजाव्यात. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "मित्रांनो, अपघात झाला. अकरा वर्षांचं लेखन आज दुपारी गेलं. जावईबापूंना बोल लावू नका. त्यांनी मदतच करायला घेतली होती." त्यांचा आवाज भरून आला. चाळीस चेहरे एकदम जावयाकडे वळले.

"हे दंतवैद्य ना?" एक जुने गार्ड म्हणाले. "उद्या माझी दाढ काढायची होती यांच्याकडे. राहू द्या!"

"खचायचं नाही," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी दहाला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जावई खाली मान घालून स्वयंपाकघरात गेला. रागावण्याऐवजी सासूबाईंनी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. "एवढं घाबरू नका हो. माणसाच्या हातून होतं." त्याचा जीव भांड्यात पडला. दुपारपासून पहिल्यांदाच तो खुर्चीत मागे टेकून बसला. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून बशा पुसत होत्या.

"डाव किती सुटले होते हो एकूण?" त्यांनी सहज विचारलं.

"तीन हजार एकशे बारा," जावई म्हणाला, आणि मग चहा त्याच्या घशात अडकला.

"वाटलंच मला." सासूबाईंनी बशी शांतपणे मांडणीत लावली. "लिहिणाऱ्याची टकटक ऐकू येते. अकरा वर्षं मला माउसची नुसती टिकटिक ऐकू येतेय, आणि मधूनच ह्यांचं 'सुटला डाव!' मिक्सर बंद ठेवून घर इतकं शांत केलं होतं ना, मला सगळं ऐकू यायचं! म्हणून तर आजचं वाचन ठरवलं. तर तुम्ही त्यांना सोडवलंत!" मग त्या बाहेरच्या खोलीकडे वळल्या. "अहो! जरा आत या बघू!"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर विचारत होते, "जावईबापू, काय बोललात तुम्ही?"

पेशंट तोंड उघडायच्या आधी दाराकडे का बघतात, हे दंतवैद्याला त्या दिवशी कळलं.