शंखवीराची लाल चड्डी आणि एकच शाल

एका जंगलात, बालमित्रांनो, तरसांचं राज्य होतं.

तुमच्या पुस्तकात असं नाही, मला माहीत आहे. तुमच्या पुस्तकात नदीकाठची मोठी लढाई हत्तींनी जिंकली. पण हे जंगल निराळं. इथे लढाईला निघताना सगळ्यात पुढे कोणी चालायचं, यावर हत्तींचं एकमत होईना. ते होईपर्यंत तरस नदी ओलांडून आले, जंगल जिंकलं आणि जेवायलासुद्धा बसले.

घाबरू नका. ते फार खात नसत. पण त्यांनी एक कायदा केला. जंगलात हसायचं फक्त तरसांनी.

त्याच जंगलात साळू नावाची एक सायाळ राहायची. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेला प्राणी. काटे असूनही ती फार भित्री होती. पान पडलं की दचकायची. आणि दचकली की तिचा एक काटा गळायचा.

त्यामुळे तिला लेखणीची कधी ददात पडली नाही.

साळू सागाच्या पानांवर चित्रकथा काढायची. जांभळाच्या रसाची शाई. कोवळं सागाचं पान चुरगळलं की लाल रंग. तिच्या कथेचा नायक होता शंखवीर. शंखवीर म्हणजे एक उडणारी गोगलगाय. तो लाल चड्डी घालायचा, तीही शंखाच्या वरून. तो तरसांना शेपटीला धरून गरगर फिरवायचा आणि नदीपार भिरकावायचा.

साळू अंक पाणवठ्यावर दगडाखाली ठेवून पळून जायची. नाव लिहायची नाही. प्राणी तो वाचायचे, मग बिळात तोंड खुपसून हसायचे.

तरसांचा सुभेदार होता खदखदराव. त्यानं दवंडी पिटवली.

"हा चित्रकार सापडला की त्याला बांधा! कोणीही असो! तो 'मी नाही, मी नाही' म्हणेल, ऐकू नका. नदीपार आपल्या महाराजांपुढे नेऊन त्याची सालटी काढा. आणि सगळी फौज बरोबर न्या, वाटेत तो शंखवीर सोडवायला येईल." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि माझी शेपूट एवढी बारीक नाही!"

साळूचे त्या दिवशी अकरा काटे गळले.

आता या जंगलात एक गुप्त बंडखोर समिती होती. अध्यक्ष गवाआप्पा. चिटणीस टिटवीताई. तीन वर्षं समितीनं बंड केलं नव्हतं, कारण समितीचं रीतसर उद्‌घाटन व्हायचं होतं. एके दिवशी टिटवीताई उडत उडत साळूकडे आली.

"साळू, ठरलं! शंखवीराच्या अज्ञात चित्रकाराचा जाहीर सत्कार! सुगरणीनं शाल विणलीय. काय शाल आहे गं! मोरपिसांची किनार!"

साळूचा एक काटा गळला. "पण टिटवीताई, तो अज्ञात आहे ना?"

"म्हणून काय त्याचं कौतुक करायचं नाही?"

"पण त्याला पकडतील!"

"सत्कारानंतर," टिटवीताई म्हणाली. "ही बघ पत्रिका."

साळूनं पत्रिका पाहिली. वर लिहिलं होतं, 'गुप्त बंडखोर समिती आयोजित'. खाली सर्व गुप्त सभासदांची नावं, बिळांच्या पत्त्यांसह. आणि प्रमुख पाहुणे, सुभेदार खदखदराव.

"सुभेदार?"

"अगं, एवढा मोठा कार्यक्रम, आणि त्यांना बोलावलं नाही तर त्यांना वाईट नाही का वाटणार? तू आपली रांगोळी काढ. तुझा हात बरा आहे."

कार्यक्रमाला अख्खं जंगल आलं. सुभेदारही आला, फौजेसह. फौजेकडे दोर होते. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं. गवाआप्पांनी आपण बंडाकडे कसे वळलो ते सविस्तर सांगितलं. दोन तरस पेंगले.

मग खदखदराव उठला. त्यानं शाल उचलून उन्हात धरली. मोरपिसं चमकली. अख्ख्या सभेच्या तोंडाला पाणी सुटलं.

"चित्रकारानं पुढे यावं आणि शाल घ्यावी," तो गोड आवाजात म्हणाला. "नाही आला, तर मी या पत्रिकेतल्या सगळ्यांना नेईन. पत्ते आहेतच."

साळू रांगोळीमागे बसली होती. तिचे काटे टपटप गळत होते. पत्रिकेत टिटवीताईचं नाव होतं. सुगरणीचं होतं. सशांच्या आजीचंही होतं. साळूनं डोळे मिटले आणि ती उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "मी आहे."

"पोरी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," टिटवीताईनं तिला खाली बसवलं. "तो चित्रकार मीच आहे!"

"काय सांगता!" गवाआप्पा गरजले. "तो मी!"

"मी!" अस्वल म्हणालं. "मी!" सशांची आजी म्हणाली. मोर म्हणाला, "पिसं माझी आहेत, तेव्हा मीच."

सगळं जंगल उभं राहिलं. बसलेली होती ती एकटी साळू.

"गप्प!" सुभेदार ओरडला. "जो खरा असेल त्यानं सांगावं. शंखवीराच्या चड्डीचा रंग कोणता?"

"निळा," गवाआप्पा ठामपणे म्हणाले.

"निळा?" सुभेदार उसळला. "लाल, लाल! अंक तिसरा, पान पाचवं! तिच्यावर ठिगळ आहे, डाव्या बाजूला!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"अगंबाई," टिटवीताई म्हणाली, "एवढं बारकाईनं तुम्हाला कसं ठाऊक?"

खदखदरावानं फौजेकडे पाहिलं. मग शालीकडे पाहिलं. जन्मात कधी कोणी त्याला शाल दिली नव्हती. सगळे फक्त घाबरायचे.

"कारण..." तो हळूच म्हणाला, "ते मीच काढतो."

कडाडून टाळ्या पडल्या. टिटवीताईनं शाल त्याच्या खांद्यावर टाकली. गवाआप्पांनी नारळ दिला.

आणि तरसांच्या जमादारानं त्याला बांधलं.

"अरे, मी नाही! मी नाही!"

"असंच म्हणणार, हे हुजूरच बोलले होते," जमादार अदबीनं म्हणाला. "चला, सगळी फौज!"

शेवटचा तरससुद्धा नदीपार गेला. नदीला पूर आला. ते काही परत आले नाहीत.

जंगल स्वतंत्र झालं. पहिल्या जाहीर बैठकीत गवाआप्पांनी शाल शत्रूच्या हाती गेल्याबद्दल समितीच्या वतीनं तीव्र निषेध नोंदवला.

साळूनं पुढच्या अंकात ही सगळी हकिगत जशी घडली तशी काढली. या वेळी खाली नावही लिहिलं.

अंक कोणाला आवडला नाही. "असं कुठे असतं का?" अस्वल म्हणालं. टिटवीताई म्हणाली, "माझ्या वेळची मजा नाही राहिली."

तात्पर्य : संकटात सगळ्यांनी एकत्र उभं राहावं, असं थोर लोक सांगतात. ते अगदी खरं आहे. त्यासाठी शाल मात्र एकच विणावी.