वऱ्हाडपांडे काका आणि काँक्रीटची भिंत

इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी ड्रिल मशिन घरघरलं की वऱ्हाडपांडे काका दारात हजर. डोळ्यांवर गॉगल, नाकाला मास्क, कानात बोळे, पायात कारखान्यातले जाड बूट आणि अंगात साधं बनियन. बेल वाजवणं वगैरे नाही. आधी बाहेरचा मेन स्विच पाडायचा, मग आत येऊन विचारायचं, "कोण भोक पाडून राहिलं?"

आपण दिलेलं उत्तर बोळ्यांमुळे त्यांना ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. नवऱ्याची बदली पुण्याहून भोपाळला झाली, सामान लागलं, आणि टीव्ही टांगायला मिस्त्री आला. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढलेला, पायात स्लिपर, मशिन सुरू करताना एक डोळा मिटून घेतलेला. तोच त्याचा गॉगल. तेवढ्यात फट्कन लाइट गेली आणि दारात हे ध्यान उभं.

"अंकल, पाँच मिनट का काम है," मिस्त्री पाच बोटं दाखवत म्हणाला.

"काम पाँच मिनट का. और आँख कितने दिन चाहिए तेरे को?"

मी भडकले. "काका, घर आमचं, भिंत आमची, तुमचं काय जातंय?"

काकांनी एका कानातला बोळा काढला, मला ते सगळं पुन्हा म्हणायला लावलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाप्पा! पुण्याच्या का?" मग मिस्त्रीनं केलेल्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं. ती बरोबर स्विचबोर्डाच्या वर होती. "इथून वायर सरळ वर जाते. भिंतीला विचारलं का आधी?"

भिंतीला विचारणं हा त्यांचा रोजचा धर्म. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, मान डोलवायची. विटांची असेल तर "ही बोलकी आहे" आणि काँक्रीटची असेल तर "ही खडूस आहे, हिला जपून" असा निकाल द्यायचा. कारखान्यात त्यांनी सारी नोकरी सेफ्टीत काढली. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, सेफ्टी काही सुटली नाही. ती आमच्या डोक्यावर येऊन बसली.

स्वतःचं हॅमर मशिन ते बाळंतिणीसारखं जपतात. भोक पाडून झालं की सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवतात, कारण धूळ राहिली तर बोल्ट धरत नाही. मग बोल्ट बसवतात आणि त्याला स्वतः लोंबकळतात. समोरच्या मिश्राजींकडे झोपाळ्याचे हुक बसवले तेव्हा काका दोर बांधून छताखाली बराच वेळ लोंबत राहिले. मिश्राजींची आई देवळातून परत आली आणि दारातच "हाय राम" करून खाली बसली.

"लग्नातसुद्धा यांनी मांडवाचे खांब हलवून पाहिले होते," नलूकाकू मला सांगायच्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, काकांसारख्याच नागपूरच्या, आणि गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज. सकाळी घरापुढच्या ओट्यावर बसून भाजीवाल्याशी त्यांचं जे भांडण चालायचं ते ऐकूनच आम्ही उठायचो.

गेल्या हिवाळ्यात काकू बाथरूममध्ये घसरल्या. कमरेजवळचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड नीट जुळलं, पण काकूंचा धीर मोडला तो मोडलाच. डॉक्टर म्हणाले, आता चाललं पाहिजे, नाहीतर पाय कायमचे आखडतील. काकू उभ्याच राहीनात. वॉकर आणला तर म्हणाल्या, "हे हलतं. मला न हलणारं काही द्या धरायला, मग बघते." गल्लीत सकाळी नुसता भाजीवाल्याचा आवाज यायचा. मला ते मुळीच सहन होत नव्हतं.

एके दिवशी मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले तर काका पॅसेजमध्ये मशिन धरून भिंतीसमोर उभे. जमिनीवर चकचकीत स्टीलचे बार मांडलेले, भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा. मशिनचा प्लग मात्र लावलेलाच नव्हता. काका ते नुसतं धरून पाहत होते, आणि मशिनचं टोक खुणेवर ठरत नव्हतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. औषध चालू आहे." त्यांनी मशिन हळूच खाली ठेवलं. "हात स्थिर नसेल त्यानं मशिनला हात लावायचा नाही. मीच शिकवत आलो ना सगळ्यांना. आता मीच बाद."

"मग मिस्त्री बोलावू."

"स्लिपरवाला?" काका एवढ्या जोरात ओरडले की आतून काकूंनी "काय पडलं?" म्हणून विचारलं. मग खाली बघत म्हणाले, "उद्या ती याला धरून उठणार आणि हे निखळलं, तर ती पुन्हा कधीच नाही उठणार. तू कर."

"मी? अहो, मला खिळा ठोकता येत नाही!"

"तू प्रत्येक गोष्टीत 'का' विचारतेस. डोकं उठवतेस. असाच माणूस मशिनचं ऐकतो. तुझा नवरा सगळ्याला 'हो हो' म्हणते, त्याला नाही देणार मी."

नवऱ्याबद्दलचं निदान बिनचूक होतं, त्यामुळे मी "उद्या किती वाजता?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेला बसावं तशी मी उभी राहिले. काकांनी ओढणी काढायला लावली, बांगड्या काढायला लावल्या, केसांचा अंबाडा, डोळ्यांवर त्यांचा गॉगल. "मशिनच्या टोकाचा बिट बदलायचा तर?" "आधी प्लग काढायचा." "का?" आता काका 'का' विचारत होते. सूड!

घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, पॅसेजची भिंत अस्सल ओतीव काँक्रीटची. खडूस. "पाय फाकून उभी राहा. दोन्ही हात. मशिन सरळ. ढकलू नको बाप्पा, ढकलू नको! ते त्याचं काम करते, तू फक्त धर."

मी बटण दाबलं. हाडं खुळखुळली, दात वाजले, पांढरी धूळ उडाली, आणि भिंतीत चक्क भोक पडलं! मी पाडलेलं! आनंदानं मी किंचाळले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तिसऱ्या भोकाला आत काहीतरी कडक लागलं आणि मशिननं मनगटाला असा हिसका दिला की विचारू नका. मी झटकन बोट सोडलं. आत लोखंडी सळई होती.

"शाबास!" काका म्हणाले. "इथेच लोक जोर लावतात आणि मनगट मोडून घेतात. सरक दोन बोटं बाजूला."

"अहो, तिला पाणी तरी द्या!" काकू पलंगावरून ओरडल्या. कितीतरी दिवसांनी तो आवाज खणखणीत आला.

पलंगापासून हॉलपर्यंत बार बसले. काका प्रत्येक बाराला लोंबकळले, अगदी पाय दुमडून. पलंगावर बसून काकू दारातून टक लावून बघत होत्या. मग आम्ही दोघांनी त्यांना पलंगावरून उठवलं. त्यांनी पहिला बार धरला. ओढून पाहिला. पुन्हा ओढला. "हलत नाही," असं पुटपुटल्या आणि एक पाऊल टाकलं.

मी मागे, काका पुढे. खोलीतून पॅसेज, पॅसेजमधून हॉल. काकू एकेक बार धरत सरकत होत्या, घाम आला होता, पण थांबत नव्हत्या. ओट्याचं दार समोर उघडं होतं, आणि दाराच्या अलीकडे बार संपले. मध्ये पाऊलभर भिंत कोरी, तिथे खूणच नव्हती. काकू शेवटचा बार घट्ट धरून थबकल्या.

"काका!" मी ओरडले. "इथला एक विसरलात! थांबा, मी मशिन आणते."

"काही विसरलो नाही," काका म्हणाले. त्या कोऱ्या भिंतीला पाठ टेकवून ते उभे राहिले आणि हात पुढे केला. तो थरथरत होता. "इथं मी आहे."

काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. मग बार सोडला, तो हात धरला आणि उंबरठा ओलांडून बाहेर गेल्या.