सुगनीबाई कॉलेजचा मानाचा डाग

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता मंदाबाईंनी लायब्ररीत शेवटचा फडका मारला, कमरेवर हात ठेवले आणि खाली पाहिलं. इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या कपाटांमध्ये परवापर्यंत परातीएवढा तांबूस-काळा डाग होता. आता तिथे नुसती शहाबादी फरशी होती, इतकी स्वच्छ की कडेच्या जुन्या फरश्या तिच्यापुढे ओशाळल्यासारख्या दिसत होत्या.

सुगनीबाई महिला महाविद्यालयात लागून मंदाबाईंना तीनच आठवडे झाले होते. मुलगी मयुरी इथे बी. ए.ला आली म्हणून त्या सेवाग्राम सोडून नाचणगावला राहायला आल्या होत्या. सेवाग्रामला एका दवाखान्यात त्यांनी बावीस वर्षं फरश्या पुसल्या होत्या आणि डागांच्या बाबतीत जिल्ह्यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. इथली नोकरी तूर्त तीन महिन्यांच्या अजमावणीवर होती. कायम करायचं की नाही, हे संस्थेचे अध्यक्ष मोतीलालशेठ ठरवणार होते. तेव्हा आज कॉलेजच्या हीरकमहोत्सवाला शेठजी आले की त्यांना लायब्ररीतून एक फेरी मारायला लावायचीच, असं मंदाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

एवढ्यात चहाचा कप घेऊन हेडक्लार्क प्रभाकरराव तिकडून चालले होते. त्यांना सगळे बडे बाबू म्हणत.

"बडे बाबू, जरा इकडे या जी. एक गंमत पाहा."

प्रभाकररावांनी फरशी पाहिली. मग कपाटांवरच्या पाट्या वाचल्या. आपण चुकून दुसऱ्या खोलीत तर आलो नाही ना, याची खात्री करून त्यांनी पुन्हा फरशी पाहिली.

"मंदाबाई, डाग कुठी गेला?"

"काढला ना जी!" मंदाबाईंचा चेहरा फुलला. "शनिवार-रविवार दोन दिवस घालोले. लय चिवट होता बाप्पा. पन मीबी काही कमी नाई."

प्रभाकरराव पुस्तकं काढायच्या स्टुलावर मटकन बसले. कपातला चहा बशीत आला.

"काऊन जी, काय झालं?"

"मंदाबाई, थो डाग नव्हता. थो आपल्या कॉलेजचा इतिहास होता."

मग त्यांनी तो इतिहास सांगितला. साठ वर्षांपूर्वी, कॉलेजची इमारत नवीकोरी असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याची एक सिनेमा कंपनी इथे येऊन राहिली होती. 'तेरावी विद्यार्थिनी' नावाचा रहस्यपट. मुलींच्या कॉलेजात खून होतो आणि एक तरुण प्राध्यापिका खुनी शोधून काढते, अशी गोष्ट. तेराव्या विद्यार्थिनीचं प्रेत सापडतं ते याच लायब्ररीत, याच दोन कपाटांमध्ये. तेव्हा सांडलेलं सिनेमाचं रक्त फरशीत मुरलं ते कायमचं. ते सांडताना सात वर्षांच्या मोतीलालशेठनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सुगनीबाई म्हणजे त्यांची आजी. तेव्हापासून दर स्नेहसंमेलनात शेठजी माइकवर तो प्रसंग सांगत. नव्या मुलींना पहिल्या दिवशी डाग दाखवला जाई. आधीचे शिपाई रूपराव एकतीस वर्षं डागाच्या भोवतीने फडका फिरवत निवृत्त झाले होते.

"आन आज," प्रभाकररावांनी कप खाली ठेवला, "त्या सिनेमातल्या प्राध्यापिका येऊन राह्यल्या पुन्याहून. विमलाबाई. डाग पाहाले. थ्या कोपऱ्यात गोनपाटात काय बांधून ठेवलं हाय, मालूम हाय?"

"काय जी?"

"पितळी कठडा. डागाच्या भोवती लावाले. शेठजीनं मुद्दाम करून आनला."

"मंग मले काऊन नाई सांगतलं कोनं?"

"त्यात सांगाचं काय? साऱ्या गावाले मालूम हाय!"

हे खरं होतं. सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कोणी कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. 'हीच ती जागा' अशी एक पाटी तिथे टांगलेली असे, पण तीही समारंभासाठी शुक्रवारीच रंगवायला गेली होती. त्यात प्राचार्या रक्षा मॅडमनी शनिवारी बजावलं होतं, "पाहुण्या येताहेत, मंदाबाई. लायब्ररी आरशासारखी दिसली पाहिजे." मंदाबाईंनी ती आरशासारखी केली होती.

"आता काय कराचं जी?"

"वापस पाडाचा. अकरा वाजाच्या आत."

प्रभाकररावांनी ऑफिसातून लाल शाईची बाटली आणून ओतली. घासून घासून गुळगुळीत झालेल्या फरशीवर ती गुलाबी दिसली. तेराव्या विद्यार्थिनीचा खून न होता तिचं बारसं झालं असावं, असा तो रंग होता. मंदाबाईंनी तो अर्ध्या मिनिटात पुसून टाकला.

मग मंदाबाईंनी तेलात कुंकू कालवलं. रंग झकास जमला. दोघं लांबून पाहायला दारापर्यंत गेली, तेवढ्यात बी. ए. भाग एकच्या तीन मुली आत आल्या. त्यांनी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि एकीने वेणीतलं शेवंतीचं फूल काढून तिथे ठेवलं.

"बडे बाबू, आज कायची पूजा हाय?" अंकिता नावाच्या मुलीने विचारलं. "प्रसाद हाय का?"

कुंकूही पुसावं लागलं. पावणेदहा वाजले होते. प्रभाकररावांना घाम फुटला होता, पण डोकं चालत होतं. त्यांनी चौकातल्या तर्री-पोह्याच्या गाडीवरून एक पिशवीभर नुसती तर्री, म्हणजे पोह्यांवरचा झणझणीत रस्सा, आणली. ती फरशीवर ओतली आणि दोघांचेही डोळे चमकले. तोच तांबूस-काळा रंग, तीच तेलकट कड. नवखा माणूस फसलाच असता.

फसल्या नाहीत त्या मुंग्या. दहा मिनिटांत खिडकीपासून डागापर्यंत त्यांची रांग लागली. पाठोपाठ वासाच्या मागावर राज्यशास्त्राचे दोन प्राध्यापक येऊन प्लेटा कुठे आहेत ते विचारून गेले. त्यांच्यामागे रक्षा मॅडम आल्या.

"नाश्ता इथे कुणी ठेवला? तो तर हॉलमध्ये..." त्यांची नजर खाली गेली. मुंग्यांवरून प्रभाकररावांकडे आणि तिथून मंदाबाईंच्या बादलीकडे गेली. मॅडम हुशार होत्या, त्यांना फार सांगावं लागलं नाही.

"मंदाबाई, आरशासारखी म्हणजे मला असं म्हणायचं नव्हतं हो."

आणि नेमके त्याच वेळी मोतीलालशेठ आत आले. पांढरीशुभ्र सफारी, खिशाला जरीचा बिल्ला. आल्या आल्या त्यांनी गोणपाट सोडवून कठड्यावरून प्रेमाने हात फिरवला, मग वळले आणि त्यांना तर्री दिसली. प्रभाकरराव अर्थशास्त्राच्या कपाटामागे गेले आणि तिथेच राहिले.

"कोनं केलं हे?"

"म्या केलं, शेठजी." मंदाबाई पुढे झाल्या. "डाग म्या काढला."

"साठ साल!" शेठजींचा आवाज लायब्ररीत कधी नव्हे इतका घुमला. "साठ साल जपला आम्ही थो डाग! आता त्या बाईले काय दाखवू? तर्री? अरे, साऱ्या जिल्ह्यात सिनेमातल्या रक्ताचा डाग कोनापाशी हाय? फक्त आपल्यापाशी होता! उद्यापासून येऊ नका तुमी. हिशेब करून टाका मॅडम यांचा."

मंदाबाईंना रडू आलं नाही. त्यांना राग आला. नोकरी जाते आहे, मयुरीला काय सांगायचं, हे सगळं मनात आलंच. पण बावीस वर्षांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं आणि आज चांगल्या कामासाठीच त्यांना घालवून देत होते.

"नाई येनार," त्या म्हणाल्या. "पन एक आयकून घ्या शेठजी. थे रक्त नव्हतं."

"सिनेमातलं रक्त काय खरं असते का?"

"सिनेमातलंबी नव्हतं. लोनचं होतं."

रक्षा मॅडमच्या हातातली कार्यक्रमपत्रिका खाली पडली.

"मी आधी थंड पान्यानं पाहिलं," मंदाबाई शांतपणे सांगू लागल्या. "हाललं नाई, म्हंजे रक्त नाई. लिंबू-मीठ घासलं. हाललं नाई, म्हंजे पान नाई, तंबाखू-खर्रा नाई. मंग गरम पानी आन सोडा टाकला, तं वर तेलाचा तवंग आला आन मोहरीचा वास सुटला. खडूची भुकटी सोड्यात कालवून लेप लावला, तीनदा. साऱ्या तेलाले वढून घेतलं त्यानं. आन फरशीच्या फटीतून हे निंगालं."

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत चिनीमातीची एक कपची होती, नखाएवढी, एका बाजूने तपकिरी.

"काहीतरीच!" शेठजी उसळले. "येवढ्याशा पावशेर बरनीनं येवढा मोठा डाग पडते का कधी?"

मंदाबाईंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. कपची नखाएवढी होती. तिच्यावरून बरणी केवढी होती, हे कोणाच्या बापाला सांगता आलं नसतं. दवाखान्यात त्यांनी पाहिलं होतं, काही सांडलं की ज्याने सांडलं तोच आधी येऊन सांगायचा, बाई, फार नाही सांडलं. त्यांनी शेठजींकडे नीट पाहिलं. शेठजींनी नजर कठड्याकडे वळवली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नोकरी असो की नसो, पाहुण्यांना मुंग्या दाखवणं मंदाबाईंना जमणारं नव्हतं. त्यांनी फडक्याच्या दोन फटकाऱ्यांत तर्री उचलून घेतली, तिसऱ्यात फरशी कोरडी केली आणि बादली कपाटाआड सरकवली.

ब्याऐंशी वर्षांच्या विमलाबाई काठी टेकत, पण ताठ मानेने आत आल्या. रक्षा मॅडमनी पुष्पगुच्छ दिला. आता कोणीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून कपाटामागून प्रभाकरराव बाहेर आले आणि सवयीने बोलून गेले, "हीच ती जागा, मॅडम. इथेच तेराव्या विद्यार्थिनीचं रक्त सांडलं."

"रक्त?" विमलाबाईंनी भुवया उंचावल्या. "अहो, तिला तर दुधातून विष दिलं होतं. आणि ती मरते गच्चीवर! आमच्या अख्ख्या सिनेमात रक्ताचा थेंब नाही." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही सिनेमा पाहिलाय ना?"

प्रभाकररावांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी शेठजींकडे. पुण्यात चार दिवस चालून तो सिनेमा जो उतरला, तो वर्धा जिल्ह्यात कधी आलाच नव्हता. साठ वर्षं सगळं कॉलेज ज्याचा अभिमान बाळगत होतं, तो सिनेमा तिथल्या एकानेही पाहिलेला नव्हता.

"मग इथे एक डाग होता, तो..." मॅडम चाचरल्या.

मंदाबाईंनी तळहात पुढे केला. विमलाबाईंनी चष्मा लावून कपची पाहिली आणि त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अगंबाई, सुगनीबाईंची बरणी! त्यांनी आमच्यासाठी लोणचं पाठवलं होतं. आमचा सगळा शिधा याच खोलीत असायचा. एके दुपारी बरणी गायब! आमचे कॅमेरामन शेवटपर्यंत माझ्यावर संशय घेत होते. सिनेमात मी अडीच तासांत खुनी पकडला, पण लोणच्याचा चोर काही सापडला नाही." मग त्यांनी मंदाबाईंना निरखून पाहिलं. "हे तुम्ही शोधलंत? मग चोर कोण, तेही कळलं असेल."

मंदाबाईंनी शेठजींकडे पाहिलं. सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा आता बरोबर सात वर्षांचा झाला होता. नोकरी तर गेलीच होती, एक नाव घेतलं की हिशेब चुकता झाला असता.

"मले फरशी साफ पाहिजे होती, बाई," त्या म्हणाल्या. "थे झाली."

हॉल मुलींनी गच्च भरला होता. मागच्या दाराशी मंदाबाई उभ्या होत्या, तिसऱ्या रांगेतून मयुरी मान वळवून त्यांना हात करत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. शेठजी माइकपुढे आले आणि दरवर्षीप्रमाणे सुरू झाले, "मी सात वर्षांचा होतो. माझ्या डोळ्यांदेखत इथे..."

ते थांबले. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"इथे रक्त नव्हतं सांडलं. लोनचं सांडलं होतं. मीच सांडलं. चोरून खात होतो, बरनी हातातून निसटली. तुकडे उचलून विहिरीत फेकले, पन डाग कुठी फेकू? माझ्या बाबुजीनं इचारलं तं मी म्हटलं, सिनेमावाल्याचं रक्त हाय. बाबुजीले लय आनंद झाला, त्यायनं साऱ्या गावाले सांगतलं. मंग मले खरं सांगता नाई आलं."

आधी विमलाबाई हसायला लागल्या आणि त्यांच्यामागे अख्खा हॉल.

"हे आज शोधून काढलं थे आपल्या मंदाबाईनं," शेठजी हसू ओसरायच्या आतच म्हणाले. "आन मले सकाळीच वळखलं होतं त्यायनं, पन नाव नाई घेतलं. त्या आजपासून इथं कायम हायेत. मॅडम, लिहून घ्या."

टाळ्यांत मयुरी बाकावर चढून उभी राहिली. "माई माय होय थे!" ती ओरडली आणि मंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतकी ताठ मान त्यांची आयुष्यात कधी झाली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर शेठजी एकटेच लायब्ररीत आले. विमलाबाईंच्या हट्टामुळे स्वच्छ फरशीवर पेढे ठेवून फोटो काढले गेले होते आणि मंदाबाई पुन्हा फडका घेऊन बसल्या होत्या.

"मंदाबाई, एक इचारू? मी तुमाले काढून टाकलं, तरी माझं नाव काऊन नाई घेतलं?"

"दवाखान्यात बावीस वर्ष पुसलं शेठजी," मंदाबाई मान वर न करता म्हणाल्या. "कोनं सांडलं म्हनून इचारत बसलं, का तवरक सुकून जाते. मंग निंगत नाई."

मग त्यांनी शेठजींना जरा मागे सरकायला सांगितलं, कारण त्यांच्या बुटाखाली पेढ्याचा चुरा होता. शेठजी मुकाट्याने दोन पावलं मागे सरकले.