पतिरांची शांती

टेबलावर तीन संगणक होते, त्यांत मिळून पाच ब्राउझर, एक स्टॉपवॉच आणि थंड झालेला चहा. २००३ साल होतं. यशोधन तेच पान पाचव्यांदा उघडत होता. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून कॉलेज रोडवरच्या त्या छोट्या कंपनीत त्याच्या वाट्याला हेच आलं होतं: प्रत्येक ब्राउझरमध्ये पान वेबच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे दिसतं का आणि किती सेकंदांत उघडतं, ते पाहायचं. सहा महिने झाले तरी तो टेम्पररीच होता.

पान पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींचं. पितृपक्ष तोंडावर आलेला. वर ठळक अक्षरांत ‘पितरांची शांती’, खाली फोन नंबर. चार ब्राउझरांत सगळं ठीक. जुन्या संगणकावरचा पाचवा मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची सोडून नंतर काढी. त्यामुळे ‘प’ची वेलांटी शेजारच्या ‘त’ला जाई आणि पान म्हणे, ‘पतिरांची शांती.’

“पाचव्यात गडबड आहे,” तो कंपनीच्या मालकीण मोहिनी मॅडमना म्हणाला. “पण आपलं पान नियमात बसतंय. चूक ब्राउझरची आहे.”

“नक्की? गुरुजी खूश झाले तर तुला पर्मनंट करते. नाहीतर माझाही इलाज नाही.”

“नक्की.”

सोमवारी पान इंटरनेटवर चढलं. गुरुवारी गुरुजी स्वतः दोन जिने चढून आले, खुर्चीत बसले आणि धापा टाकतच बोलू लागले.

“सिन्नरहून एका बाईंचा फोन आला. म्हणे, पतिराजांची शांती करता ना? तुमचा ‘जा’ गळालाय. मी विचारलं, गेले कधी? तर म्हणाल्या, कुठं जात्यात, समोरच बसल्यात. म्हणून तर शांती पाहिजे.”

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

“असे अकरा फोन. पितरांसाठी दोन.”

“गुरुजी, नियमांप्रमाणे बघितलं तर...”

“अरे बाबा, गावातल्या सगळ्या सायबर कॅफेत तुझा तो पाचवाच बसलाय.”

 यशोधनने शीर्षकाचं चित्र करून लावलं. वेलांटी जागेवर आली, पण चित्र जड. टेलिफोनच्या लाइनवर पान उघडायला एक्केचाळीस सेकंद लागले.

“एवढ्यात माझा संकल्प सांगून होतो,” गुरुजी म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात फोनच बंद झाले, पितरांचेसुद्धा. गुरुजी पुन्हा जिना चढले. या वेळी बरोबर त्यांच्या पत्नी लतिकाबाई होत्या.

“नवऱ्याची शांती, असं शास्त्रात काही नाही,” गुरुजी छताकडे बघत म्हणाले. “पण गृहशांतीत बसवता येईल.”

“बसवा,” लतिकाबाई म्हणाल्या. “आणि पहिलं नाव माझं घाला.”

मॅडमनी यशोधनकडे पाहिलं. “पाचही ठिकाणी पास झालं तर उद्या पर्मनंटचं पत्र घेऊन जा.”

त्याने चित्र काढून टाकलं आणि नवं शीर्षक टाइप केलं: ‘पती-शांती’. दोन्हीकडे दुसरी वेलांटी. ती मुळात अक्षराच्या नंतरच येते. मग स्टॉपवॉच उचललं.

पाच ब्राउझर. पाचही ठिकाणी अक्षरं जागेवर. सरासरी तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद.